अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी आधी पात्र काढू की पार्श्वभूमी?

आधी पार्श्वभूमी, पण ढोबळ. ३२० × १८० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या आणि पात्र कुठून कुठे चालणार ती जमीन ठरवा. मग पात्राच्या उंचीचा साधा ठोकळा दारात उभा करून बघा. दार बुटकं वाटलं तर आत्ताच वाढवा, रंगकाम झाल्यावर ते फार जिवावर येतं. पात्र ज्यांच्या मागून जाईल ते खांब, कुंड्या वगैरे वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर.

पात्राचे कपडे मात्र खरंच साधे ठेवा. चालण्याला ८ फ्रेम (हालचालीची एकेक चित्रं) धरल्या तरी चार दिशांच्या ३२ होतात, आणि शर्टावरची प्रत्येक रेघ त्या सगळ्यांत पुन्हा काढावी लागते! उजवीकडच्या फ्रेम फ्लिप करून डावीकडे वापरल्या की ८ वाचतात. सुरुवातीला क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर पुरतं, फुकटही आहे.