वाचकांचे प्रश्न : हॅलोविनचे लाडू, ओव्हन न लावता

प्रश्न : 31 ऑक्टोबरला, हॅलोविनला, मुलीच्या वर्गातली दहा मुलं घरी येणार आहेत. दोघांना शेंगदाणे, काजू, बदाम चालत नाहीत. खजूर-बियांचे लाडू करून पाहिले, पहिल्यांदा भुगा झाला, दुसऱ्यांदा तेलकट गोळा. काय चुकतंय?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तेलकटपणा घाईमुळे आणि भुगा कोरड्या खजुरामुळे झाला असावा. 20-21 छोट्या लाडवांना बिनबियांचा मऊ खजूर 200 ग्रॅम, जर्दाळू 100, सूर्यफुलाच्या बिया 75, भोपळ्याच्या सोललेल्या हिरव्या बिया 50 ग्रॅम, अर्धा चमचा दालचिनीपूड आणि चिमूटभर मीठ घ्या. मीठ टाळू नका, नुसता खजूर मिट्ट लागतो.

बिया मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तडतडेपर्यंत कोरड्या भाजा आणि ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट बिया दळल्या किंवा मिक्सर सलग फिरवला की त्या तापून तेल सोडतात. थांबत थांबत फिरवून रव्यासारखं भरड काढा आणि बाजूला ठेवा. मग खजूर-जर्दाळू वेगळे वाटून त्यात भरड हातानं मळा.

खजूर कडक असेल तर वाटण्याआधी तीन-चार मिनिटं वाफवा. पाण्यात भिजवला तर मिश्रण चिकट होतं आणि लवकर बिघडतं. तरीही लाडू वळत नसेल तर कोमट पाणी एकेक छोटा चमचा घाला. तेल सुटलंच, तर भाजलेल्या पोह्यांची दोन चमचे पूड मिसळा.

आपला हात सवयीनं तिळाकडे जातो. पण अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून वेष्टनावर लिहावा लागतो. त्या दोघांच्या पालकांना विचारल्याशिवाय लाडू तिळात घोळवू नका. बियांच्या पाकिटावरची सूचनाही वाचा. बऱ्याचदा त्या बदाम-काजूंच्याच कारखान्यात भरलेल्या असतात.

प्रश्न : लाडवांचे केशरी भोपळे करायचे होते, सगळे तपकिरी झाले!

उत्तर : खजुराचा रंग कशालाच जुमानत नाही. भोपळ्यांसाठी जर्दाळू 200 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस 60 ग्रॅम आणि फार तर एक खजूर घ्या. जर्दाळू मात्र चकचकीत केशरी हवेत. त्यांचा रंग सल्फर डायऑक्साइडमुळे टिकतो, बिनसल्फरचे जर्दाळू मुळातच तपकिरी असतात. दमा असलेल्या काही मुलांना अशा सल्फरयुक्त संरक्षकांचा (सल्फाइटचा) त्रास होतो, तेव्हा अशा मुलासाठी तपकिरी भोपळाच बरा. गोळीवर सुरीच्या पाठीनं सहा खाचा पाडा आणि देठाच्या जागी भोपळ्याची हिरवी बी खोचा. खजुराचे लाडू वाया गेले नाहीत : दोन बाजूंना दोन बिया खोचल्या की वटवाघूळ तयार.

प्रश्न : हे ‘शुगर फ्री’ म्हणता येतील का? आणि हॅलोविनला खाऊ मागत दारावर येणाऱ्या मुलांना द्यावेत का?

उत्तर : दोन्हीला नाही. वरून साखर घातली नसली तरी 20 ग्रॅमच्या एका लाडवात खजूर-जर्दाळूची मिळून साधारण दोन चमचे साखर असते, आणि ती दाताला चिकटते. एका मुलाला दोन पुरेत. दारावर घरगुती खाऊ दिला तर बहुतेक पालक तो टाकून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ‘टील पम्पकिन’च्या प्रथेप्रमाणे दाराशी मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवून (इथे खाऊ सोडून इतर भेटी मिळतात, याची ती खूण) स्टिकर, पेन्सिली द्या. चार वर्षांखालच्या भावंडांसाठी अख्खी बी खोचू नका, घशात अडकू शकते. उरलेले लाडू हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.