ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, नदी-डोंगर आणि जुनी देवस्थानं दोन्ही असलेलं ठिकाण कोणतं?

तानसा नदीचं खोरं. म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि मधली नदीकाठची गावं.

तुम्ही लिहिलंय की सोबत सत्तरीची आई आहे, तिला देवदर्शन हवंय. दहा वर्षांच्या मुलाला पाणी आणि जंगल हवंय आणि तुम्हाला रिसॉर्टमध्ये दिवस घालवायचा नाही. या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात बसणारी ठाण्याच्या आसपास फार ठिकाणं नाहीत. माझं माहेर अंबाडीच्या बाजूला आहे आणि आता राहते ठाण्यात. त्यामुळे हा रस्ता आणि ही नदी मला दोन्ही टोकांनी ठाऊक आहे.

आधी एक सांगते. ठाण्याची बरीच माणसं वज्रेश्वरीला जातात ती फक्त देवळापुरती. अकराला निघायचं, उन्हात पोहोचायचं, रांगेत दर्शन, गर्दीतल्या कुंडात पाय बुडवायचे, जेवायचं आणि भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकत घरी यायचं. मग म्हणतात, तिथे बघण्यासारखं काही नाही. देवळापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर नदी वाहत असते आणि ती न बघता परततात. मला याचं खरंच वाईट वाटतं. देऊळ, गरम पाण्याची कुंडं, भातशेती, वरचं जंगल आणि धरण हे सगळं या एका नदीभोवती उभं आहे. नदी धरून फिरलात तर दिवस भरून जातो.

ही नदी शहापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याकडून येते. तिच्यावर इंग्रजांच्या काळात, १८९२ साली, तानसा धरण पूर्ण झालं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हा एक. धरणाखाली नदी पश्चिमेला वळते, भिवंडी आणि वाडा तालुक्यांच्या मधून वज्रेश्वरीला येते, पुढे वसई तालुक्यात शिरते आणि खाडीच्या तोंडाजवळ वैतरणेला मिळते. तुमच्या एका दिवसात वज्रेश्वरीच्या आसपासचा मधला टप्पा घ्या. वरचं धरण आणि जंगल वेगळ्या दिवशी करा. आईंना घेऊन दोन्ही एकदम करायला जाऊ नका.

ठाण्याहून जायला दोन रस्ते आहेत. एक नाशिक हायवेने माणकोली, राजनोली, भिवंडी आणि तिथून वाडा रोडने अंबाडी नाका, मग डावीकडे वज्रेश्वरी. दुसरा घोडबंदर रोडने अहमदाबाद हायवेला लागून शिरसाड फाट्यावरून पारोळ, उसगावमार्गे. पहिला अंतराला कमी, साधारण पन्नासेक किलोमीटर. पण गोदामांचे ट्रक आणि वाडा रोडचे खड्डे यांनी तो वेळ खातो. दुसरा थोडा लांबचा, पण शिरसाड सोडलं की तुंगारेश्वरच्या डोंगराच्या कडेने, झाडीतून जातो. आई सोबत आहेत तर मी दुसराच घेईन. स्वतःची गाडी नसेल तर भिवंडीहून किंवा वसईहून एसटी पकडा. तिथे पोहोचल्यावर तिन्ही गावं एकमेकांपासून दोनेक किलोमीटरच्या आत-बाहेर आहेत, शेअर रिक्षा मिळतात. काहीही करा, पहाटे निघा. साडेसात-आठला तिथे असलात तर अर्धी लढाई जिंकलीत.

पोहोचल्यावर आधी कुंडं, मग देऊळ. सकाळी पाणी स्वच्छ असतं आणि गर्दी नसते. अकलोलीला नदीच्या अगदी काठावर रामेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्या आवारात दगडी बांधणीची कुंडं आहेत. या कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, सीता, लक्ष्मण अशी नावं आहेत. प्रत्येकाचं पाणी वेगळ्या तापमानाचं. काही कोमट, काही इतकं कडक की पाय टाकवत नाही. मुलाला थेट उडी मारू देऊ नका, आधी हाताने पाणी बघा. आईंना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण अंघोळ नको, पायरीवर बसून पाच-दहा मिनिटं पाय सोडले तरी पुरे. पाण्याला गंधकाचा वास येतो. कातडीच्या आणि सांध्यांच्या दुखण्याला ते चांगलं, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मानतात. साबण आणि शांपू मात्र कृपा करून वापरू नका. पाणी खालून झिरपत येतं, पण टाकलेला फेस तिथेच राहतो आणि दुसऱ्याच्या अंगाला लागतो.

मुलगा विचारणारच, पाणी गरम कसं? तिथे कोणीतरी सांगेल की खाली ज्वालामुखी जिवंत आहे. तसं नाही. आपल्या भागातला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे हे खरं, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणात अशा झऱ्यांची एक रांगच आहे. पालघरच्या कोकनेर, हालोली, सातिवलीपासून आमच्या अकलोली-गणेशपुरीवरून थेट रत्नागिरीच्या उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत. लोककथा वेगळं सांगते. परशुरामाने इथे यज्ञ केला, देवीने राक्षस मारले आणि त्यांचं रक्त म्हणजे हे उकळतं पाणी. मुलाला दोन्ही सांगा. लहानपणी आम्हाला आजीने दुसरी गोष्ट सांगितली होती आणि शाळेत सरांनी पहिली. दोन्ही ऐकायला गंमत येते.

कुंडावरून निघालात की वज्रेश्वरी. इथे थोडा वेळ काढा. या देवळाचा इतिहास आपल्या वसईच्या मोहिमेशी बांधलेला आहे. देवीचं मूळ स्थान इथून उत्तरेला गुंज गावी, पोर्तुगीजांनी ते देऊळ मोडल्यावर देवी वडवलीला आणली, असं सांगतात. वडवली हेच आजचं वज्रेश्वरी. वसईचा किल्ला हटत नव्हता तेव्हा चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि नवस फेडला गेला. म्हणूनच देऊळ लांबून किल्ल्यासारखं दिसतं. चारी बाजूंनी दगडी तट आणि दारावर नगारखाना. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. वर जायला ५२ दगडी पायऱ्या आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव आहे, त्यावर पाय न देता लोक हळद-कुंकू वाहतात. मुलाला ते शोधायला सांगा, पायऱ्या कधी संपल्या ते त्याला कळणार नाही. आईंना मधेमधे बसवत, सावकाश चढवा आणि दहाच्या आत चढवा. पुढे दगड तापतात आणि अनवाणी चालणं कठीण होतं. वर गेल्यावर दर्शन घेऊन लगेच उतरू नका. तटाशी उभं राहून खोऱ्याकडे बघा. भाताची खाचरं, त्यांच्यामागे डोंगर आणि मधून नदीकाठची झाडी गेलेली दिसते. देवळामागच्या टेकडीवर गोधडेबुवा या संतांची समाधी आहे. तिथपर्यंत आई नाही आल्या तरी चालेल, तुम्ही आणि मुलगा जाऊन या.

गणेशपुरी दुपारी. तिथलं वातावरण वेगळं आहे, शांत. भगवान नित्यानंद इथे राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांचं समाधी मंदिर आणि शेजारी भीमेश्वराचं जुनं देऊळ दोन्ही बघा. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रमही याच गावात आहे. त्यामुळे गावात परदेशी पाहुणे दिसतात आणि नित्यानंद मूळचे केरळाकडचे, म्हणून दक्षिणेकडचे भक्तही खूप येतात. इडली-डोशाचा नाश्ता बरा मिळतो. आईंना दुपारी टेकायला, जप करत बसायला याहून चांगली जागा या टप्प्यात नाही. त्या तिथे बसल्या की तुम्ही मुलाला घेऊन नदीवर जा.

माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा तास तो. हिवाळ्यात तानसा उथळ असते, दगडांवरून पाणी खळखळतं, मधे मधे डोह असतात. काठावर करंज आणि उंबर आहेत. खंड्या आणि बगळे हमखास दिसतात. मुलाला चिमुकले मासे दाखवा, दगड उलटून खेकडे शोधू द्या. पण डोहात उतरू देऊ नका, वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची खोली कळत नाही. काठावरच्या पाड्यांत वारली, मल्हार कोळी, कातकरी वस्ती आहे. घरांचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. हसून हो म्हणतात, पण विचारल्यावर.

तुम्ही महिना लिहिलेला नाही, म्हणून तेही सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. नोव्हेंबरात भाताची झोडणी चालू असते, खळ्यांवर उडवी रचलेली असतात, आणि हवेला पेंढ्याचा वास असतो. फेब्रुवारीच्या शेवटी पळस आणि काटेसावर फुलतात. एप्रिल-मे आईंसाठी नको. चैत्र अमावस्येला देवीची मोठी जत्रा असते. ती बघण्यासारखी आहे, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन नाही.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट बोलते. जुलैत हे खोरं जितकं सुंदर दिसतं तितकं वर्षभरात कधी दिसत नाही. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली असते आणि डोंगरावरून पाणी उतरत असतं. पण तानसा धरण भरलं की पाणी सोडतात आणि खालच्या गावांना सावधानतेचा इशारा देतात. नदी तासाभरात बदलते. दर वर्षी पावसाळ्यात जिल्ह्यात पाण्यात बुडून माणसं जातात, त्यांत बाहेरून आलेले तरुण जास्त असतात. पावसाळ्यात या, देवळाच्या तटावरून नदी बघा, पण काठावर जाऊ नका. आणि या दिवसांत रस्त्याकडेला बायका रानभाज्या घेऊन बसतात. पहिल्या पावसानंतर शेवळं, मग टाकळा, कोरल, भारंगी, करटोली. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं, म्हणजे भाजीत घालायची आंबट रानफळं, मागून घ्या, त्याशिवाय घशाला खाज सुटते. घासाघीस करू नका. ती भाजी आणायला बाई पहाटे रानात गेलेली असते.

वरच्या टप्प्याला, म्हणजे धरण आणि अभयारण्याकडे, जायचं असेल तर नाशिक हायवेने आटगाव गाठायचं किंवा आटगावपर्यंत लोकल. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं जंगल आहे, साग, ऐन, खैर, मोह. पक्षी बघणाऱ्यांसाठी इथे मोठं आकर्षण वनपिंगळ्याचं. हे लहानसं घुबड शंभरहून जास्त वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, नाहीसंच झालं असं धरून चालले होते. १९९७ साली आजच्या नंदुरबार जिल्ह्यात ते पुन्हा सापडलं आणि २०१४ साली आपल्या तानसाच्या रानात. ठाणे जिल्ह्याच्या माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. जलाशयाच्या दक्षिणेला माहुली गड, १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्यासाठी शेवटची झुंज दिली ती याच गडावरून. मुलगा थोडा मोठा झाला की आसनगावहून चढवा. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे केवळ भिंत बघायला एवढा वळसा घेऊ नका, जंगलासाठी घ्या.

त्या भागात गेलात तर अजून एक दिसेल. मोठमोठ्या जलवाहिन्या गावांच्या कडेने मुंबईकडे गेलेल्या आणि उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या बायका. मी याच नदीचं पाणी पिऊन वाढले, म्हणून मला हे बघवत नाही. मुलाने विचारलं की असं का, तर उत्तर टाळू नका. आणि तिकडे जाताना पाणी घरून भरून न्या, पाड्यावरच्या हंड्यातलं मागू नका.

जेवणाचं: वज्रेश्वरीत साध्या खानावळी आहेत, शाकाहारी थाळी मिळते. मासे-मटण खाणारे असाल तर अंबाडी रस्त्यावर आगरी पद्धतीचं जेवण आणि तांदळाची भाकरी मिळेल. नाश्ता आणि आईंच्या पथ्याचं मात्र घरून घ्या.

निघताना चारच्या पुढे थांबू नका, नाहीतर भिवंडीत किंवा घोडबंदरला तासन् तास जातील. अंबाडीमार्गे परतलात तर तिथल्या दुकानात वाडा कोलम तांदूळ विचारा. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नावावर दुसराच तांदूळ खपवणारेही वाढलेत. म्हणून दाणा हातात घेऊन बघा. बारीक, आखूड आणि हलका असतो. नवा तांदूळ जानेवारीच्या सुमारास येतो, पण भाताला थोडा जुनाच घ्या, मोकळा शिजतो.

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि नवरात्र सोडून कोणताही दिवस धरा. मुलाची एखाद्या बुधवारची सुट्टी सापडली तर तीच घ्या.