ड्रायव्हरला काय जमतं, हे लायब्ररीने प्रोग्रॅम चालू असताना कसं सांगावं?

तुमच्या स्टोरेज लायब्ररीखाली लोकल डिस्क, नेटवर्क शेअर आणि पाइप असे तीन ड्रायव्हर आहेत. सीक (फाइलमध्ये हव्या त्या जागी उडी मारणं) किंवा फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवणं सगळ्यांनाच जमतं असं नाही. मग कॉलरने, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्या कोडने, व्हर्जन बघावं की सरळ कॉल करून एक्सेप्शन पकडावं, असं तुम्ही विचारलंय.

व्हर्जनच्या नादी लागू नका. लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएमला एपीआय व्हर्जन विचारलं की उत्तर 12 येतं, आणि ते पुढे बदलायचं नाही असं ठरलेलंच आहे. नव्या सोयीला वेगळा क्रमांक मिळतो. तो देऊन ‘हे आहे का?’ असं विचारायचं. 0 म्हणजे नाही, त्याहून मोठा आकडा म्हणजे आहे. कधी तो आकडाच मर्यादा सांगतो, उदाहरणार्थ जास्तीत जास्त किती व्हीसीपीयू (व्हर्च्युअल मशीनला दिलेले प्रोसेसर). जुन्या कर्नलला अनोळखी क्रमांक दिला तरी तो 0 च सांगतो, म्हणून नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर अडत नाही. तुमच्याकडेही अनोळखी क्रमांकाला एरर देऊ नका, ‘नाही’ म्हणा.

प्रश्न ड्रायव्हरला नको, उघडलेल्या फाइलच्या हँडलला विचारू द्या. डिस्कवरच्या एखाद्या पाथवर साधी फाइल असेल किंवा नेम्ड पाइप. ड्रायव्हर तोच, पण पाइपवर सीक केलं की ईएसपाइप (‘इथे सीक होत नाही’) एरर येणार.

सगळ्यात जास्त चुका ‘हो’ या शब्दात होतात. एव्हीएक्स, म्हणजे एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्स, घ्या. प्रोसेसरला काय येतं ते सांगणाऱ्या सीपीयूआयडी इन्स्ट्रक्शनच्या लीफ 1 मध्ये (तक्ता क्रमांक 1) ईसीएक्स रजिस्टरचा बिट 28 लागलेला असला, तर प्रोसेसरला एव्हीएक्स येतं एवढंच कळतं. ऑपरेटिंग सिस्टीम एव्हीएक्सची मोठी रजिस्टर्स जपते का, हे बघायला बिट 27 तपासायचा, मग एक्सगेटबीव्ही इन्स्ट्रक्शनने एक्ससीआर0 हे रजिस्टर वाचून बिट 1 आणि 2 दोन्ही लागलेत का बघायचं. हे गाळलं आणि ऑपरेटिंग सिस्टीम ती जपत नसली, तर पहिल्याच एव्हीएक्स इन्स्ट्रक्शनला ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन प्रोग्रॅम मरतो. ही साखळी कॉलरच्या गळ्यात मारू नका; तुमच्या फंक्शनने सगळे थर तपासून ‘आत्ता वापरता येईल’ याच अर्थाने हो म्हणावं.

‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ हेही वेगळं ठेवा. लिनक्सचा फाइलची माहिती देणारा स्टॅटएक्स कॉल यासाठी दोन आकडे देतो: एकात फाइलचे गुणधर्म, दुसऱ्यात त्यातले कोणते बिट ही फाइल सिस्टीम मुळात सांगू शकते त्याचा मास्क. मास्क नसता, तर 0 म्हणजे ‘कॉम्प्रेस्ड नाही’ की ‘कल्पना नाही’ हे कळलंच नसतं.

जागा राखण्याच्या बाबतीत तर बूलियन, म्हणजे नुसतं हो-नाही, अपुरं पडतं. फाइल सिस्टीमला ते येत नसेल, तर जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीचं जागा राखणारं फंक्शन पॉझिक्स-एफअलोकेट प्रत्येक ब्लॉकमध्ये एकेक बाइट लिहून काम भागवतं. मोठ्या फाइलवर ते फार हळू चालतं. म्हणून तीन उत्तरं ठेवा: नाही, पर्यायी मार्गाने, थेट.

एवढं करूनही विचारणं आणि वापरणं यांच्यामध्ये नेटवर्क शेअर तुटू शकतो, त्यामुळे कॉलने एरर द्यायलाच हवी. ‘सपोर्ट नाही’ ची एरर मात्र चुकीच्या आर्ग्युमेंटच्या एररपासून वेगळी ठेवा, नाहीतर कॉलर आपला बग लपवून पर्यायी वाटेने जाईल. आणि एखादी सोय मुद्दाम बंद करणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पहिल्या दिवसापासून ठेवा. ते नसेल तर तुमच्या मशीनवर सगळंच चालतं आणि पर्यायी वाटेची टेस्ट कधी होतच नाही.