पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी अग्निशमन दल आणि एकजूट या विषयावर चित्रपुस्तक लिहीत आहे. एकजूट उपदेशासारखी वाटू नये यासाठी काय करावे?

आपण दिलेल्या आराखड्यात एक शूर जवान शिडीवर चढून आग विझवतो, मुलीला बाहेर काढतो आणि शेवटच्या पानावर सर्वांना एकीचे महत्त्व सांगतो. मी ठाण्यात बालवाडीत शिकवते आणि मुलांना चित्रपुस्तके नेहमी वाचून दाखवते. माझ्या मते अडचण शेवटच्या पानात नसून नायकाच्या निवडीत आहे. शिडीवरचा जवान नायक झाला की उरलेले सगळे बघ्यांच्या रांगेत जातात आणि मग एकजूट तोंडाने सांगण्यावाचून लेखकाला गत्यंतर राहत नाही. त्याऐवजी बंबाजवळ उभे राहून पंप चालवणाऱ्या यंत्रचालकाला नायक करून पाहावे.

या माणसाला आग बहुतेक वेळा दिसतही नाही. त्याच्यासमोर असतात दाब दाखवणारे काटे आणि पाणी सोडण्याच्या झडपा. वर जिन्यात पुढचा जवान ब्रँच, म्हणजे होजच्या (पाण्याच्या लांब नळीच्या) टोकाची पितळी तोटी, धरून उभा असतो. पाण्याचा उलटा रेटा एकट्याला फार वेळ पेलवत नाही, म्हणून त्याच्या मागे दुसरा जवान होजला खांदा देतो, तिसरा जिन्याच्या वळणावर होजला पडलेली मुरड सोडवतो आणि वरून इशारा आल्याखेरीज खालचा यंत्रचालक पाणी सोडत नाही. यांतील एकाने हात काढला तरी तोटीतून धार निघणार नाही. गोष्ट इथेच तयार आहे. एका पानावर चपटा, निर्जीव होज आडवा पसरलेला दाखवावा आणि पान उलटताच तोच होज फुगून ताठ झालेला दिसावा. मुले त्या पानावर बोट फिरवत पाणी कुठपर्यंत पोहोचले ते स्वतःच सांगू लागतील आणि एकजुटीचा वेगळा धडा द्यावा लागणार नाही.

पुढचा पेच पाण्याचाच ठेवावा. बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असले तरी मोठी धार पूर्ण सोडल्यावर ते दहा मिनिटेही पुरत नाही. मग टँकर येतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या मुलांना टँकरची ओळख करून द्यावी लागत नाही, हे आपल्या शहराचे दुखणे असले तरी गोष्टीसाठी सोयीचेच आहे. टँकरला आत येता यावे म्हणून फाटकासमोरची गाडी हलवणारा वॉचमन, पाणी मारण्यापूर्वी इमारतीचा वीजपुरवठा तोडणारा महावितरणचा कर्मचारी, लिफ्टकडे धावणाऱ्यांना जिन्याकडे वळवणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, हे सगळे त्याच साखळीतले आहेत. आग विझवण्याचे पाणी लिफ्टशेजारून वर नेणारा लाल पाइपही चित्रात जरूर असावा. टॉवरमधली मुले तो रोज पाहतात, पण तो कशासाठी आहे हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे. धुरात शिरताना जवान पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मुखवटा लावतात. त्यातून श्वासाचा खरखरीत आवाज येतो आणि चेहरा दिसत नाही. घाबरलेले लहान मूल अशा माणसापासून दूर पळते किंवा पलंगाखाली लपून बसते, आणि धुरात शोधणाऱ्यांना तेच सर्वांत अवघड जाते. म्हणून हसऱ्या चेहऱ्याचा जवान मुखवटा चढवताना टप्प्याटप्प्याने दाखवावा, म्हणजे आत कोण आहे हे मुलांना कळेल. पथकात एखादी स्त्रीही असू द्यावी. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेल्या हर्षिणी कान्हेकर या देशातील पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या जातात, तेव्हा ती कल्पनाभरारी ठरणार नाही.

आग कशाने लागली हे थोडक्यात आटोपावे, पण चुकीचे दाखवू नये. कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि कोणी त्यावर पाणी ओतले, असे चित्र विनोदासाठीही नको, कारण पाण्याने ते पेटते तेल उसळून आग पसरते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर झालेल्या स्फोटांचा, त्यात कामी आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांचा आणि त्यांच्या स्मरणार्थ याच तारखेपासून पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहाचा उल्लेख आपल्याला करायचा आहे, असे आपण म्हटले आहे. तो पालकांसाठीच्या टिपणात करावा. पाच वर्षांच्या मुलाला इतके मृत्यू पेलणार नाहीत. त्याच पानावर मदतीसाठीचे १०१ आणि ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावेत आणि खाली इमारतीचे नाव, मजला व जवळची खूण लिहिण्यासाठी तीन रिकाम्या ओळी सोडाव्यात. पत्ता मुलानेच, आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत, पेन्सिलीने लिहावा. घर बदलले तर खोडता येईल.