जंत नाहीत, दात ठीक, तरी घोडीचं पोट सारखं दुखतंय

प्रश्न: डॉक्टर, वाघोलीजवळ आमचा तबेला आहे. घोडी 12 वर्षांची, वरातीला जाते. दोन महिन्यांत चार वेळा पोट दुखलं, चंदी सोडते, पोटाकडे वळून बघते, इंजेक्शन दिलं की ठीक. जंताचं औषध दिलं, कानशीने दात घासून घेतले. लंगडते म्हणून सहा महिने ब्युटाची पावडर चालूच आहे. चारा फक्त लसूणघास. अजून काय असेल?

उत्तर: दादा, मला पहिला संशय त्या पावडरचाच येतोय. ब्युटा म्हणजे फिनाइलब्युटाझोन, हे वेदनाशामक महिनोन्‌महिने दिलं की मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात जखमा होतात, आणि गंमत अशी की वेदना थांबवायला दिलेलं इंजेक्शनही बहुतेक त्याच जातीचं असतं, म्हणजे तात्पुरतं बरं वाटतं आणि आत जखम वाढत राहते. रक्तात अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासा, ते कमी आलं आणि सोनोग्राफीत उजव्या बाजूला आतड्याची भिंत जाड दिसली तर बऱ्यापैकी खात्री. मग ब्युटा पूर्ण बंद, वरात बंद, लांब काडीचा चारा काही महिने कमी करून पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा, सोबत इसबगोल. लंगडण्यासाठी नालबंदाला खूर दाखवा, त्याचा इलाज पावडरने होणार नाही.

दुसरी शक्यता आतड्यातला खडा. तार किंवा बारीक खडीभोवती वर्षानुवर्षं क्षार साचतात, आणि नुसत्या लसूणघासावर असलेल्या जनावरात हे जास्त दिसतं. लिदीत सपाट बाजूचा खडा सापडला तर आत अजून आहेत असं समजा. पोटाच्या एक्स-रेला मोठं मशीन लागतं, आणि मोठा खडा ऑपरेशननेच निघतो. लसूणघास अर्ध्यावर आणा, बाकी कोरडं गवत.

घरी नाडी मोजा, शांत उभ्या घोडीची मिनिटाला 28 ते 44 असते. 60 च्या वर गेली, हिरड्या लाल-जांभळ्या दिसल्या, लीद थांबली, किंवा इंजेक्शननंतर पुन्हा दुखायला लागलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना बोलवा. आणि बाटलीने तेल पाजू नका हो, कृपा करून, ते फुफ्फुसात गेलं तर घोडी हातची जाते, तेल द्यायचंच तर डॉक्टर नाकातून नळी टाकून पोटातच सोडतात.

तपासणीला जाताना पावडरचं पाकीट घेऊन जा, रोज किती चमचे दिले तेही लिहून ठेवा.