सूर्याचं कृष्णविवर झालं तर पृथ्वी आत ओढली जाईल का?

नाही. वस्तुमान तेवढंच राहिलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. गुरुत्वाकर्षण वस्तुमान आणि केंद्रापासूनच्या अंतरावर ठरतं, आणि १५ कोटी किमी अंतरावर यातलं काहीच बदललेलं नसेल. अंधार आणि थंडी मात्र होईल. (प्रत्यक्षात सूर्य तेवढा जड नाही, त्याचा शेवट श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, म्हणून होईल.)

हे माझ्या शब्दावर मानू नका, गणित करा. अकरावीचं पुस्तक पुरेसं आहे. कृष्णविवराची त्रिज्या = २ × जी × वस्तुमान ÷ प्रकाशवेगाचा वर्ग. जी (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक) = ६.६७ × १०⁻¹¹, सूर्य २ × १०³⁰ किलो, प्रकाशवेग ३ × १०⁸ मीटर प्रतिसेकंद. उत्तर सुमारे २,९६० मीटर. म्हणजे व्यास सहा किमीसुद्धा नाही, चर्चगेट ते दादर अंतरापेक्षा कमी!

चूक बहुतेक वेळा प्रकाशवेगाचा वर्ग करायला विसरल्याने होते. मग उत्तर ८९ कोटी किमी येतं, त्यात पृथ्वीची कक्षाच गिळली जाते. तिथेच थांबून एकके तपासा: शेवटी फक्त मीटर उरायला हवेत. वेग किमीमध्ये ठेवला तरीही असाच घोळ होतो. मग हेच गणित पृथ्वीचं वस्तुमान घेऊन करा, त्रिज्या सुमारे ९ मिलिमीटर यायला हवी.

व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, पण उत्तराचा अंदाज आधी कागदावर लिहा आणि मग आकडेमोड करा. अंदाज कुठे चुकला, हे शोधण्यातच खरा अभ्यास होतो. तरीही अडलं तर वरळीच्या नेहरू तारांगणात जाऊन बिनधास्त विचारा.