जॉनची बायको मेरी, पण कुणाची मुलगी?

प्रश्न : माझी सून मॅसॅच्युसेट्सची. नातवासाठी तिच्या माहेरची वंशावळ लिहायला घेतली आणि 1738 पाशी अडले. त्या गावच्या जन्मनोंदीत 'जॉन आणि त्याची बायको मेरी यांचा मुलगा' एवढंच आहे. या मेरीचं माहेर कसं शोधायचं?
– एक आजी, म्हार्दोळ

उत्तर : आजी, तुमच्या मेरीचं निदान मेरी हे नाव तरी टिकलं. माझ्या पणजीचं लग्नात तेही बदललं. देवळाच्या महाजनांची, म्हणजे मानकरी घराण्यांची, वही चाळली, तर सगळे पुरुष! शेवटी ती भेटली पणजोबांनी विकलेल्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) विक्रीखतात. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज कायद्यामुळे बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नसे, आणि सहीबरोबर तिच्या बापाचं नावही आलं.

मेरीचाही माग जमिनीतूनच काढा. आधी लग्नाची नोंद बघा म्हणा. तिथल्या पुष्कळ गावांच्या 1850 पर्यंतच्या नोंदी छापलेल्या आहेत. ती मिळाली तर काम झालं. नाहीतर जमिनीची खरेदी-विक्रीखतं आणि मृत्युपत्रं. ही कागदपत्रं काउंटीवार (आपल्या जिल्ह्यांसारखी) असतात आणि बरीचशी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट दिसतात.

मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईचे व्यवहार नवऱ्याच्या नावाने चालत, त्यामुळे तिच्या नावाने शोधून फारसं हाती लागत नाही. पण मॅसॅच्युसेट्समध्ये बाप मृत्युपत्र न करता वारला, तर थोरल्या मुलाला दोन वाटे आणि बाकीच्यांना, मुलींनाही, एकेक वाटा मिळे. माहेरची ती जमीन विकताना जॉनबरोबर मेरीचीही सही लागणार. म्हणून आसपासच्या गावांत ज्यांना मेरी नावाची मुलगी होती, अशा बापांची यादी करा आणि एकेकाच्या वाटणीचे कागद तपासा. मृत्युपत्र असलं तर त्यात 'माझी मुलगी मेरी, जॉनची बायको' असं सरळ सापडू शकतं.

जॉनने स्वतःची जमीन विकली असेल तिथेही मेरीची सही मिळेल. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपभोग मिळे, तो हक्क सोडल्याची ती सही. त्यातून माहेर कळत नाही, पण त्या तारखेला ती जिवंत होती हे कळतं. मात्र जपून, मेरी गेल्यावर जॉनने दुसरीही मेरीच केली असेल! इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत अशा दोघींची सर्रास एक झालेली असते.

आणि एक. 1752 पर्यंत तिथे वर्ष 25 मार्चला बदलत असे. मे 1737 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1737 मध्ये मूल असं दिसलं, तर तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1738 चा. नाहीतर नातवाच्या वहीत बिचारीची उगाच बदनामी व्हायची.